पितळेचा नट गोठ्यात का फुटला?

खानापूरहून जांबोटीकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत माझ्या मामांचं घर आहे. घराला लागूनच गोठा. चार म्हशी, एक गाय, आणि जनावरांना पाणी पाजायच्या डोणीवर दोन पितळी नळ. मागच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा मामांनी त्यातल्या एका नळाचा नट माझ्या हातात ठेवला. उभा फुटला होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच सरळ रेघ, सुरीनं कापल्यासारखी.

"दोन वर्सं बी झाली न्हाईत बसवून," मामा म्हणाले. "पितळ म्हणून पैसे घेतलंय आणि काय दिलंय बघ की. पितळ कुजतंय होय रे कुठं?"

कुजलं नव्हतंच. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याच्या तपासणी खात्यात आहे. जाडी मोजायचा व्हर्नियर जवळ नसला की हात रिकामा वाटतो, अशातला माणूस. नटाची जाडी सगळीकडे सारखी भरली. खड्डा नाही, झीज नाही, हिरवा कीट नाही. भेगेच्या तोंडाशी तेवढी निळसर काळपट झाक होती. आणि भार म्हणाल तर नळावर भार तो कसला येणार? म्हशीनं शिंग घासलं तर तेवढंच. म्हणजे नट गंजून पातळ झाला नव्हता आणि ओझ्यानं तुटलाही नव्हता. दुकानदार बिचारा निर्दोष होता, पण हे मामांना पटवायला मला दोन कप चहा लागला.

तो फुटला गंज आणि ताण यांच्या संगनमतानं. दोघांपैकी एकट्याला ते जमलं नसतं. याला इंजिनीअर मंडळी स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग म्हणतात, आमच्या खात्यात नुसतं एससीसी. मी इथे त्याला ताणतडा म्हणतो. नेहमीच्या गंजाची एक बरी सवय असते: तो आधी दिसतो. पत्र्याला तांबेरा चढतो, पापुद्रे सुटतात, बोट लावलं की भुगा पडतो. ताणतड्यात धातू शेवटच्या दिवसापर्यंत चकचकीत असू शकतो.

गोठ्याशी त्याचं नातं जुनं आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांत बंदुकीची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ साठवलेली असत. काडतुसाची नळी पितळेची, सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. पावसाळा सरता सरता पेट्या उघडाव्यात तर नळ्यांना उभ्या भेगा. कुणी हात लावला नव्हता, कुणी बार काढला नव्हता. पावसाच्या ऋतूत होतं म्हणून इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं सीझन क्रॅकिंग, ऋतूचा तडा. बेळगावच्या कॅम्पातला श्रावण ज्यांनी काढला आहे, भिंतींना घाम फुटलेला पाहिला आहे, त्यांना तो दमटपणा वेगळा सांगायला नको.

कारण नीट उकललं ते १९२१ साली. पागेतल्या घोड्यांच्या मुतातला युरिया कुजून अमोनिया वायू सुटत होता. दमट हवेत पितळेवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो, त्यात तो अमोनिया विरघळे. अमोनियाला तांब्याची फार ओढ. तांब्याला सोबत घेऊन तो निळंशार संयुग बनवतो. नटावरची निळसर झाक तीच. पण पागेत पितळेच्या दुसऱ्याही वस्तू असणार, त्या का नाही फुटल्या? काडतुसाची नळी थंड पितळ साच्यातून ओढून ओढून लांब करतात. त्या ओढाओढीचा ताण धातूच्या अंगात तसाच कोंडून राहतो. उपायही त्यातूनच निघाला: ओढून झाल्यावर नळ्या अडीचशे-तीनशे अंशांवर काही वेळ तापवायच्या. इतक्या उष्णतेनं पितळ मऊ पडत नाही, पण आत कोंडलेला ताण बराचसा सुटतो. तापवलेल्या नळ्या पागेशेजारीही टिकू लागल्या.

हा 'कोंडलेला ताण' म्हणजे काय, ते आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला शब्दांवाचून कळतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात ती आठवा. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. ती जाळात लाल करायची, तापून फुगली की चाकावर ठोकून बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. फुस्स आवाज, वाफेचा लोट, आणि धाव आकसून चाकाला अशी आवळते की आरे करकरतात. आता गाडी रिकामी अंगणात उभी असू दे, वर एक पोतं नसू दे, तरी ती धाव दिवसरात्र ताणलेलीच आहे. तिला आकसायचं आहे आणि चाक आकसू देत नाही. बाहेरचं ओझं शून्य, आतला ताण कायम.

मामांच्या नटाचंही तेच. नळाचा निमुळता आटा आत गच्च बसावा म्हणून प्लंबरनं टेपचे वेढ्यावर वेढे दिले होते आणि वरून पाईप पान्यानं जीव खाऊन आवळलं होतं. आतला आटा पाचरीसारखा घुसला, नट बाहेरच्या बाजूला फुगायला लागला, आणि त्याच्या गोल अंगावर धावेसारखा ताण बसला. आमच्याकडे घट्ट म्हणजे चांगलं अशी एक समजूत आहे. गळू नये म्हणून आणखी अर्धा फेरा. त्या अर्ध्या फेऱ्याचं बिल नटानं दोन वर्षांच्या आत फेडलं.

ताण कुठला, हेही पाहावं लागतं. दाबणारा ताण या कामी निरुपद्रवी, कारण तो भेगेची तोंडं मिटवतो. ओढणारा ताण ती उघडतो. म्हणून ट्रकच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे बनवताना त्यांच्यावर बारीक पोलादी छर्रे वेगानं आपटवतात. प्रत्येक छर्रा पृष्ठभाग चिमूटभर आत दाबतो, सगळा वरचा थर दाबाखाली जातो, मग भेगेला तोंड उघडायलाच जागा मिळत नाही.

आता प्रत्यक्ष तडा पडतो कसा ते पाहू. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो.

बहुतेक उपयोगी धातू टिकतात ते अंगावरच्या एका सायीमुळे. स्टेनलेस स्टील स्टेनलेस असतं कारण त्यातल्या क्रोमियमची हवेशी गाठ पडून वर ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा तयार होतो. किती पातळ? केसाच्या जाडीच्या साधारण वीस-पंचवीस हजाराव्या हिश्शाएवढा. तो खरवडला तरी क्षणात परत धरतो. दुधावरची साय बाजूला सारली की पुन्हा जमते तशी. धातू ताणलेला असला की एखाद्या कमजोर जागी ही साय फाटते. नेहमी ती लगेच सांधते. पण भोवती नेमकं असं काही असेल की जे सांधू देत नाही, तर उघड्या पडलेल्या त्या सुईच्या टोकाएवढ्या जागी धातू विरघळायला लागतो. तिथे बारीक खाच पडते. खाचेच्या दोन्ही भिंतींवर साय परत धरते, तिथलं विरघळणं थांबतं. खाचेच्या टोकाशी मात्र ताण सगळ्यात जास्त, त्यामुळे तिथली साय पुन्हा पुन्हा फाटते आणि गंज फक्त टोकावर चालू राहतो. पुढे जातो, बाजूला नाही. साध्या गंजात शेकडो चौरस सेंटिमीटरवर वाटली गेली असती ती झीज इथे एका धारेवर एकवटते. म्हणून जाडी मोजून काही हाती लागत नाही. गेलेला धातू वजनात धरावा इतकाही नसतो.

टोकाशी ताण जास्त का, हे शहापूरच्या कुठल्याही कापडाच्या दुकानात उभं राहून बघा. दुकानदार दोन मीटर कापड मोजतो, कडेला कात्रीनं बोटभर खाच देतो, मग दोन्ही हातांनी धरून टर्रकन फाडतो. खाच दिली नसती तर तेच कापड दोघांना खेचून फाटलं नसतं. सगळा जोर खाचेच्या टोकाच्या एका धाग्यावर येतो, तो तुटला की पुढच्यावर, तो तुटला की त्याच्या पुढच्यावर. धातूत हेच चालतं. हे गणितात बसवलं ए. ए. ग्रिफिथ नावाच्या ब्रिटिश इंजिनीअरनं, काचेच्या काड्या तोडून तोडून, आणि ते छापलं गेलं तेही १९२१ सालीच. भेग चौपट लांब झाली की वस्तू निम्म्या ताणाला तुटते, असा त्याचा हिशेब. धातू काचेपेक्षा चिवट, त्यामुळे त्यांच्यासाठी हे गणित पुढे दुरुस्त करावं लागलं. पण मुद्दा तोच राहिला: भेग वाढता वाढता एक लांबी अशी येते की तिच्यापुढे गंजाची गरजच उरत नाही. तिथवर रसायनानं कात्री चालवलेली असते, पुढचं टर्रकन.

तिथवर पोचायला लागणारा वेळही फार फसवा असतो. ताणतडा वाढण्याचा वेग तासाला मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शापासून काही मिलिमीटरपर्यंत मोजला गेला आहे. हजारावा हिस्सा ऐकायला काहीच नाही. वर्षाच्या तासांनी गुणा: आठ-नऊ मिलिमीटर. मामांच्या नटाची भिंत तीन मिलिमीटरची होती.

या प्रकरणातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे प्रत्येक धातूचा वैरी ठरलेला आहे. कुठल्याही गंजक्या पाण्यानं कुठल्याही धातूला ताणतडा जात नाही. पितळेचा वैरी अमोनिया. त्यातही जस्त जितकं जास्त तितकं वैर जास्त; जस्त पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर भीती फार कमी. म्हणून दूध शीतकरण केंद्रात अमोनियावर चालणारी थंडाईची यंत्रं असतात तिथे पाइप लोखंडी दिसतील, पितळेचा एक वॉल्व्हही दिसणार नाही. तोच अमोनिया स्टेनलेसच्या केसालाही धक्का लावत नाही. स्टेनलेसचा वैरी दुसराच, आणि तो आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात बरणीत भरून ठेवलेला आहे: मीठ, म्हणजे त्यातला क्लोराइड.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, कागवाड-अथणीकडे कृष्णेच्या पट्ट्यात, उसाला पाणी पाजून पाजून किती तरी जमिनी खारवटल्या. तिथल्या काही बोअरचं पाणी चहाला चालत नाही, दूध फाटतं म्हणून बायका लांबून पाणी आणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आणि दुसरी सोयच नसेल तर १००० पर्यंत सवलत आहे. अशा पाण्यावर आता घरोघरी छतावर सोलर हीटर बसले आहेत. आतली टाकी बहुधा तीनशे चार नंबरच्या स्टेनलेसची, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. दुर्दैव असं की प्रयोगात आठ टक्क्यांच्या आसपास निकेल असलेलंच स्टेनलेस क्लोराइडच्या तड्याला सगळ्यात लवकर बळी पडतं. निकेल खूप कमी केलं तरी बचाव होतो, खूप वाढवलं तरी होतो. मधोमध मात्र खड्डा, आणि आपण सगळे त्या खड्ड्यात स्वयंपाक करतो. स्वयंपाकाच्या भांड्याला काही होत नाही, कारण ते रोज धुतलं जातं, कोरडं होतं आणि त्यात मीठ साचून बसत नाही. टाकीत पाणी कायम साठ-सत्तर अंशांवर.

माझ्या चुलतभावाच्या टाकीला चौथ्या वर्षी वेल्डिंगच्या शेजारून पाणी पाझरायला लागलं. "स्टेनलेस आहे म्हणाले होते ओ," वहिनी सारखं म्हणत होत्या. होतंच ते स्टेनलेस. वेल्डिंगची रेघ थंड होताना आकसते, शेजारचा थंड पत्रा तिला आकसू देत नाही, आणि धाव चढवल्यासारखा ताण तिथे आयुष्यभर बसतो. पाझरलेलं पाणी बाहेरच्या गरम पत्र्यावर वाळतं, पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पुन्हा ओल, पुन्हा वाळणं. पाण्यात जे लिटरमागे चिमूटभर होतं, ते त्या ठिकाणी घट्ट खारवणी होऊन बसतं. तो तुकडा कापून आम्ही भिंगाखाली धरला. तडा एकटा नव्हता. एका मुळाला फाटे, फाट्यांना फाटे, कोरड्या ओढ्याचा नकाशा वरून पाहावा तसा. क्लोराइडचा तडा ओळखायची ही पक्की खूण. नुसत्या ओझ्यानं मोडलेला पत्रा असा फांद्या फोडत नाही.

जुने लोक साठ अंशांच्या खाली स्टेनलेसला ही भीती नाही असं सांगायचे, अजूनही पुष्कळ जण सांगतात. ठोकताळा म्हणून ठीक आहे. पण स्वित्झर्लंडमध्ये उस्टर गावी बंदिस्त पोहण्याच्या तलावावर काँक्रीटचं छत स्टेनलेसच्या सळ्यांनी वरून टांगलेलं होतं. ९ मे १९८५ ला ते खाली आलं, बारा माणसं गेली. सळ्या उकळत्या पाण्यात नव्हत्या, साध्या उबदार हवेत होत्या. तलावातल्या क्लोरीनची संयुगं वाफेबरोबर वर जाऊन सळ्यांवर वर्षानुवर्षं बसत गेली. तिथे ना पाऊस पडत होता, ना कुणी फडकं मारत होतं. त्यानंतर तलावांच्या छतासाठी हे स्टेनलेस वापरणं बंद करावं लागलं.

लोखंडाचा, म्हणजे साध्या पोलादाचा, जुना वैरी कॉस्टिक सोडा. संकेश्वर-चिकोडीकडे साखर कारखान्यांत काम केलेल्या लोकांना हे ठाऊक असतं, बॉयलरच्या पाण्याची रोजची तपासणी त्यापायीही चालते. पूर्वी बॉयलर रिव्हेट मारून जोडायचे. गंजू नये म्हणून पाणी सोड्यानं थोडं अल्कधर्मी ठेवत. जोडाच्या फटीतून वाफ फुसफुसायची, पाणी उडून जायचं आणि सोडा फटीत साचून साचून मूळच्या हजारो पट तीव्र व्हायचा. रिव्हेटच्या भोकाभोवती ताण होताच. तडा एका भोकातून निघून दुसऱ्या भोकात जायचा, तिथून तिसऱ्या, तिकिटावरच्या टोच्यांसारखा. रिव्हेट गेले, वेल्डिंग आलं, तरी कॉस्टिक कुठे गेलं नाही. खुद्द बेळगावात अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आहे. बॉक्साइट गरम कॉस्टिकमध्ये विरघळवूनच अ‍ॅल्युमिना निघतो. अशा कामाच्या पोलादी टाक्या जगभर वेल्डिंगनंतर सहाशे अंशांच्या आसपास तापवून हळू थंड करतात. काडतुसाच्या नळीला जे केलं तेच, फक्त वस्तू दोन मजले उंच.

इथे एक आपला खासगी तर्क. लहानपणी दारावर कल्हईवाला यायचा. तो पितळी भांडं भात्यावर कथील वितळेपर्यंत तापवायचा, आणि कथील वितळतं २३२ अंशांना. म्हणजे ताण सुटायला लागतो त्याच्या जवळपास. ठोकून घडवलेल्या हंड्या-पातेल्यांच्या अंगातला कोंडलेला ताण कल्हईगणिक थोडा तरी उतरत असणार. त्यासाठी कुणी कल्हई करत नव्हतं हे उघड आहे. भर म्हणजे त्याचा नवसागर हा अमोनियाचाच क्षार, म्हणजे वैरी आणि वैद्य एकाच झोळीत. तांबट मात्र ठोकता ठोकता भांडं मध्येच तापवायचे ते पूर्ण समजून. तापवलं नाही तर पुढच्या घावाला फुटतं, हे त्यांना हाताला कळायचं.

आणखी एक प्रकार सांगायलाच हवा, कारण त्यानं माझी एक रात्र खाल्ली आहे. यातला वैरी बाहेरून येत नाही, आपणच तो धातूत भरतो. बोल्टच्या डोक्यावर १२.९ असा आकडा असतो. त्याचा अर्थ हा बोल्ट चौरस मिलिमीटरला साधारण १२०० न्यूटन ओढ सोसतो, आणि त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ताणला तरी मूळ लांबीला परत येतो. गंजू नये म्हणून असे अ‍ॅलन बोल्ट आम्ही बाहेरून झिंक प्लेटिंग करून आणले. संध्याकाळी टॉर्क पान्यानं मोजून कसले, सगळं कागदाप्रमाणे. सकाळी कारखान्यात आलो तर मशीनखाली बोल्टची तीन डोकी पडलेली. रात्री मशीन बंदच होतं! पहिला संशय ज्यानं बोल्ट कसले त्या पोरावर गेला, आणि तो चार तास आमच्या शिव्या खात उभा होता याची मला अजून लाज वाटते.

प्लेटिंगच्या आधी बोल्ट अ‍ॅसिडात बुडवून साफ करतात. अ‍ॅसिड आणि लोखंडाच्या झटापटीत हायड्रोजन निघतो, प्लेटिंगच्या टाकीतही निघतो. बराचसा बुडबुड्यांनी उडून जातो, पण थोडा सुट्या अणूंच्या रूपात पोलादात शिरतो. सगळ्यांत लहान अणू. त्याला पोलाद म्हणजे गव्हाची चाळण. बोल्ट कसला की हे अणू हळूहळू सरकत जिथे ओढ सर्वांत जास्त तिथे, म्हणजे डोक्याखालच्या वळणावर किंवा पहिल्या आट्याशी, जमतात आणि तिथलं पोलाद ठिसूळ करतात. सरकायला वेळ लागतो, म्हणून तुटणं लगेच नाही, काही तासांनी किंवा दोन दिवसांनी. मऊ पोलादाला याचा फारसा त्रास नाही. जितकं कडक तितकं नाजूक. स्वस्तातल्या ४.६ च्या बोल्टला कधी हे होत नाही, महागड्या १२.९ ला होतं. उपाय साधा आहे: प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत बोल्ट दोनशे अंशांच्या आसपास भट्टीत काही तास ठेवायचे, हायड्रोजन निघून जातो. आमच्या ऑर्डरवर 'बेकिंग' हा एक शब्द लिहायचा राहिला होता. लिहायचं काम माझं होतं.

झुलता पूल म्हटलं की आपल्याला गोकाकचा धबधबा आठवतो. अमेरिकेत ओहायो नदीवर १९२८ साली बांधलेला सिल्व्हर ब्रिज हाही टांगलेला पूल होता, पण तारेच्या दोरांऐवजी पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर. प्रत्येक कडीत शेजारी शेजारी फक्त दोन पट्ट्या, टोकाला भोक, भोकात पिन. त्यातल्या एका भोकाच्या आतल्या कडेला गंज आणि ताणानं मिळून भेग पाडली. ती जागा सांध्याच्या आत, रंगाऱ्याचा ब्रश पोचत नव्हता आणि तपासणाऱ्याची नजरही. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, नाताळच्या खरेदीची गर्दी पुलावर असताना ती पट्टी तुटली. शेजारची दुसरी पट्टी एकटी काय करणार? मिनिटभरात अख्खा पूल नदीत, ४६ माणसं मेली. मूळ भेग किती खोल होती? सुमारे अडीच मिलिमीटर. चाळीस वर्षांत अडीच मिलिमीटर. अमेरिकेत पुलांची ठरावीक मुदतीनं तपासणी सक्तीची झाली ती या अपघातानंतर.

अडीच मिलिमीटरची भेग शोधायला आता अल्ट्रासॉनिक आहे, डाय पेनेट्रंट आहे: लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरी भुकटी मारायची, भेगेतला रंग पांढऱ्यावर उमटतो. पण उद्यमबागेच्या फाउंड्यांतले जुने मिस्त्री याच कामाला घासलेट आणि खडू वापरत. मामांच्या गोठ्यात दुसरा नळ होताच, त्याच प्लंबरनं त्याच दिवशी बसवलेला. मामांना दाखवावं म्हणून मी तो नट फडक्यानं कोरडा केला आणि त्यावर घासलेटचा बोळा फिरवला. पाच मिनिटं थांबलो. मग घासलेट खरडून पुसलं आणि नातवाच्या दप्तरातला खडू नटाच्या सहाही बाजूंवर आडवा घासला. नट पांढराफटक.

"आता?" मामा म्हणाले.

"थांबा की थोडं."

म्हशी रवंथ करत होत्या. गोठ्यात डोळ्याला झोंबणारा तो नेहमीचा वास. पितळी नट आता इथे परत लावायचा नाही, प्लास्टिकचा आणायचा, तो हातानं बसवायचा आणि पाना लावलाच तर पाव फेरा, वॉल्व्ह गोठ्याबाहेर घ्यायचा, असं माझं सांगून होतंय तोवर मामा खाली वाकले. खडूवर एक ओलसर करडी रेघ उमटत होती. आधी मधेच ठिपक्यासारखी, मग वर, मग खाली. केसाएवढी, उभी, कडेपासून अजून बोटाच्या पेराएवढी दूर.

मामांनी काही न बोलता नातवाला टाकीचा वॉल्व्ह बंद करायला पिटाळलं.